मुभेबाहेर

उर्वी घरतनं त्या सकाळी चहा तीनदा गरम केला आणि तिन्ही वेळा तो टेबलावर तसाच गार होऊ दिला. तिचे डोळे पडद्यावरच्या आकड्यावर खिळले होते. काल संध्याकाळी तो त्रेसष्ट होता, आज छप्पन्न. साठाच्या खाली आकडा आला की प्रकल्प मुभेबाहेर गेला असं धरतात, आणि मुभेबाहेर गेलेल्या प्रकल्पाचं पुढं काय होतं हे उर्वीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं तीच ते दुसऱ्यांना शिकवत आली होती.

कामावरची कचेरी म्हणून ठेवलेल्या कंटेनरच्या खिडकीतून खारमाचीची खाडी दिसत होती. दोन्ही काठांवरून बंधाऱ्याचे दोन हात एकमेकांकडे निघाले होते आणि मधेच थबकले होते. मधलं मुख अजून उघडं होतं. भरतीचं पाणी पूर्वी खाडीभर पसरून यायचं. आता ते सगळं त्या मुखातून घुसायचं आणि गावाच्या जुन्या मातीच्या बांधाला धडका द्यायचं. मुख बुजवून तिथं उघाडीची, म्हणजे भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी दारं बसली तर गाव वाचणार होतं. मुख तसंच राहिलं तर या बंधाऱ्याचं नाव काढलं नसतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी येणार होती. काम पुढं न्यायचं की नाही याचा निर्णय गुरुवारी होता.

उर्वी खारमाचीचीच. शिकायला बाहेर पडली ती कामाच्या निमित्तानंच, प्रकल्पप्रमुख होऊन परतली. परतली म्हणजे काय, अलिबागला भाड्यानं खोली घेतली आणि रोज गाडीनं यायला लागली.

बंधारा मात्र साधा नव्हता. वाळूच्या थरात जिवाणू सोडले होते. हे जिवाणू खाऱ्या पाण्यातला चुना धरतात आणि त्यानं वाळूचे कण एकमेकांना चिकटवून टाकतात. काही आठवड्यांत वाळूचा दगड होतो. त्या दगडावर कालवं येऊन बसतात, शिंपल्यांवर शिंपले चढतात. समुद्र बोटभर चढला की बंधाराही बोटभर चढणार, अशी सगळी योजना. माणसानं बांधायचं आणि मग बंधाऱ्यानं स्वतःच वाढायचं. कंत्राटदार कंपनीचा अभियंता इमरान परकार तर या बंधाऱ्याला 'लेकरू' म्हणायचा आणि त्याची उंची मोजून घरी बायकोला कळवायचा.

खरी नवलाई होती ती आकडा देणाऱ्या यंत्रणेची. तिचं नाव पारख.

पूर्वी सरकारी काम कसं चालायचं ते जुन्या लोकांना आठवत असेल. एकदा नारळ फुटला की काम मरत नसे. त्याची गरज संपो, माणसं बदलोत, काम आपलं चालूच. मग कायदा आला. मोठं काम टप्प्याटप्प्यानंच करायचं. दर टप्प्याच्या शेवटी एक उंबरठा. तो प्रकल्पप्रमुखानं स्वतःच्या मनानं ओलांडायचा नाही. पैसे देणारा, बांधणारा आणि वापरणारा असे तिघं समोर बसणार आणि एकच प्रश्न विचारणार: ज्यासाठी हे आरंभलं ते अजून खरं आहे का? नसेल तर थांबा, त्यात लाज कसली? दोन उंबरठ्यांच्या मधे प्रमुखाला थोडी मुभा. इतका उशीर चालेल, इतका खर्च चालेल, तेवढ्यात कुणी टोकणार नाही. पण मुभेच्या बाहेर जातंय असं दिसलं की त्यानं आपण होऊन वर कळवायचं, आणि नुसतं रडगाणं न गाता पुढचे पर्यायही मांडायचे.

पद्धत शहाणी होती आणि उर्वीच्या जन्माच्या आधीची होती. अडचण एवढीच, की उंबरठ्यावर बसलेली माणसं भिडेखातर खोटं बोलायची. म्हणून पारख आणली. विजेचा वापर, शाळेचे दाखले, रेशन, बाजारात गेलेली मासळी अशा शेकडो खुणांवरून ती गावाची एक प्रत आपल्या पोटात उभी करते, घर न् घर धरून. मग त्या प्रतीला ती हजारो वेळा पुढं जगायला लावते. बंधारा पुरा होईल तेव्हा त्याच्यामागं गाव वसलेलं असेल का? शंभरातल्या जितक्या भविष्यांत असेल, तितका आकडा. माणसंच उरणार नसतील तर बंधारा कुणासाठी?

"विचारा ना तिला, का पडला ते," दारात उभा राहून इमरान म्हणाला. त्याच्या हातात ओल्या वाळूची पिशवी होती.

उर्वीनं विचारलं. पारखेनं खारमाचीचा नकाशा उघडला. गेल्या काही महिन्यांत बंद झालेली घरं एकेक करून करडी होत गेली. एक, मग त्याच्या शेजारचं, मग समोरची आळी. तिनं नकाशा मागं मागं नेला. सगळ्यात आधी करडं झालेलं घर ओढ्याच्या वळणावरचं होतं. खाली ओळ आली: 'घरत जयेंद्र. प्रकल्पप्रमुखांचे बंधू. इतर घरांवर प्रभाव: अतिशय जास्त.'

उर्वीनं ती ओळ पुन्हा वाचली.

गणपतीत ती गावी गेली होती. आरती झाल्यावर पडवीत बसून तिनं दादाला सहज सांगितलं होतं, "पोरीचा, कृपाचा, शालंचा दाखला पनवेलला नेऊन ठेव. येखादा घर बगून ठेव. न जानो." धंद्याची सवय, दुसरं काय! प्रत्येक धोक्यासाठी आधीच तोड काढून ठेवायची, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. बंधाऱ्यासाठी तिनं अशा कितीतरी तोडी काढून ठेवल्या होत्या, मग आपल्या माणसांसाठी एक काढली तर काय बिघडलं? दादानं ऐकून घेतलं होतं आणि मोदक संपवला होता. दिवाळीनंतर तो पनवेलजवळ उलव्याला राहायला गेला. तो गावकीचा प्रमुख होता, आणि उंबरठ्यावर वापरणाऱ्यांच्या खुर्चीत बसणाराही तोच.

इमराननं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि जीभ चावली. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्या घरासमोर 'तात्पुरतं स्थलांतर' अशी खूण करता येते. तुमच्या अधिकारात आहे ते. मुलीच्या शाळेसाठी गेलेत, परत येतील. खोटं कुठंय?"

उर्वीनं खूण केली. नकाशातलं ते एक घर हिरवं झालं, त्याच्यामागोमाग शेजारची घरं फिकट हिरवी झाली, आणि आकडा सरसर चढून चौसष्टवर थांबला. इतकं सोपं! इमराननं सुस्कारा सोडला. उर्वीचं बोट मात्र अजून त्या घरावरच होतं. तिच्या एका वाक्यानं गाव ओस पडायला लागलं होतं आणि आता एका बोटानं ते कागदोपत्री भरलंही होतं, आणि यात खारमाचीतल्या एकाही माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. दादा परत येणार आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं?

तिनं खूण काढून टाकली. आकडा पुन्हा छप्पन्नवर आला. मग तिनं नियमाप्रमाणं वर कळवलं: प्रकल्प मुभेबाहेर, कारण आणि पर्याय गुरुवारी मांडते.

"कमाल करता मॅडम," इमरान म्हणाला आणि वाळूची पिशवी घेऊन तणतणत निघून गेला.

*

उलव्याच्या बाराव्या मजल्यावर जयेंद्र गॅलरीत पाग पसरून बसला होता. तिथून खाडी दिसत नव्हती, समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसत होत्या. तरी तो जाळ्याची फाटकी घरं सांधत होता. रंजितावहिनीनं नणंदेला पाणी दिलं, नळाला चोवीस तास पाणी असतं हे सांगितलं आणि ती आत गेली.

"दादा, नंबर पडला," उर्वी म्हणाली. गावातल्या माणसासमोर तिची भाषा आपोआप गावाची व्हायची. "तू गेलास तवापासून पडतंय. गुरवारी काम बंद होल."

"मना म्हाइत हाय."

"मंग चल ना परत."

जयेंद्रनं सुई खाली ठेवली. "गनपतीत कोन बोल्ली, घर बगून ठेव म्हनून?"

"मी खबरदारी म्हनून बोल्ली."

"बंधारा बांदनारी बईन बोलतं, घर बगून ठेव. मी काय समजू? तुना आतली खबर हाय, असाच ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. "गावानं इचारला, जयादादा का चाललाव? मी बोललू, पोरीची शाला. कोनाला पटला नाय. तुजा नाव मी एकदा पन घेतला नाय, उर्वी. घ्यायाची गरजच नव्हती."

उर्वीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एक सांग," जयेंद्र म्हणाला. "तो टिकंल का?"

"आमच्या हिशोबानं ऐंशी टक्के—"

"टक्के नको. गावकीत उभा राहून मी टक्के सांगू? हा का नाय?"

खालून पाण्याचा टँकर भोंगा वाजवत गेला. चोवीस तास पाण्याचं हे असं होतं तर. उर्वीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण तिला ते म्हणता येईना. सगळं आयुष्य तिनं शक्यतांमध्ये काढलं होतं. तिथं 'हो' नावाची वस्तूच नव्हती.

"मंग मना कशाला बोलवतंस?" असं म्हणून जयेंद्रनं पुन्हा सुई उचलली.

ती निघाली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. जिन्यात मात्र वहिनी मागून धावत आली आणि खारमाचीच्या घराची किल्ली तिच्या हातात कोंबून गेली. "ठेवा तुमच्याकडं," एवढंच म्हणाली.

*

बुधवारी दिवेलागणीला देवळाच्या मंडपात गावकी बसली. जयेंद्र गेल्यापासून प्रमुखपद हिराकाकींकडं आलं होतं. कालवं फोडून फोडून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते आणि जिभेला धार आली होती. मंडप अर्धा रिकामा होता. उर्वी उभी राहिली. पारख, मुभा, उंबरठा हे सगळं तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाली, "नंबर पडला तो माज्यामुलं पडला. दादाला जा म्हनून मीच सांगितला. तुमी त्याना बघून बांदाबांद केली. गावात काय बिगरला नव्हता."

मंडपात गलका झाला. कुणी म्हणालं, हिला आधी गावाबाहेर काढा. कुणी म्हणालं, ती आहेच गावाबाहेर. हिराकाकींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"पोरी, खांड परली तं आमी काय करताव, तुना म्हाइत हाय ना?"

उर्वीला माहीत होतं. बांध फुटून खांड पडली की शंख वाजायचा आणि घरटी एक माणूस, बाई असो की बुवा, फावडं घेऊन बांधावर जायचा. आजारपण, लग्न, सुतक, कसलीच सबब नाही. ज्या घराचा माणूस येणार नाही, त्या घराला गावकीत तोंड उघडायचा हक्क नाही. सरकारी नकाशात नसलं तरी खारमाची म्हणजे नेमकं कुठली घरं, हे त्या शंखाला कळायचं.

"गेल्या उधानाला शंख वाजला," हिराकाकी म्हणाल्या. "घरतांच्या घरातून कोन आला?"

कुणीच आलं नव्हतं. उर्वी तेव्हा कंटेनरमध्ये बसून पाण्याची उंची मोजत होती.

"म्होरल्या टायमाला कोन येनार, त्या सांग. बाकी तुजी पारख तुज्याकडं ठेव."

"मी येन," उर्वी म्हणाली.

ती तिथूनच घराकडं गेली. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरता फिरेना. शेवटी शेजारच्या वहिनींनी खोबरेल आणून ओतलं. आत बुरशीचा वास भरला होता. उर्वीनं आधी खिडक्या उघडल्या, मग बंद केलेली वीज पुन्हा जोडून मागितली आणि रेशनकार्डावरचा आपला पत्ता बदलला. हे गावासाठी करतोय की आकड्यासाठी, हे तिचं तिलाच नीट कळत नव्हतं, आणि त्यानं ती फार अस्वस्थ झाली होती.

*

गुरुवारी बैठक भरली. पैसे देणाऱ्या किनारा मंडळाच्या वतीनं अजिंक्य सबनीस, बांधणाऱ्यांच्या वतीनं इमरान, आणि वापरणाऱ्यांची खुर्ची रिकामी; तिथं जयेंद्रच्या जागी गावकीनं अजून कुणालाच पाठवलं नव्हतं. भिंतीवर आकडा होता, अजून छप्पन्नच.

सबनीस वाईट माणूस नव्हते. तरुणपणी त्यांची सात वर्षं एका अशा पुलावर गेली होती, ज्याच्या पलीकडच्या टोकाला रस्ताच कधी आला नाही. लोक अजून तिथं पापड वाळत घालतात. तेव्हापासून पारखेवर त्यांची श्रद्धा.

"उर्वी, थांबता यावं म्हणूनच ही पद्धत आहे," ते म्हणाले. "तू तर हे शिकवतेस."

"हो. म्हणूनच आधी माझा वाटा सांगते." तिनं गणपतीतलं वाक्य सांगितलं, त्या खुणेबद्दलही सांगितलं. इमरान टेबलाकडं बघत बसला. "आता पर्याय. पारख दोनच वाटा चालून बघते आहे, काम पूर्ण करा किंवा आहे तिथं सोडा. तिसरी वाट तिला कुणी विचारलीच नव्हती. पुढचा टप्पा तोडून लहान करा. फक्त मुख बुजवायचं आणि उघाडी बसवायची. मग पुन्हा उंबरठा, पुन्हा हाच प्रश्न. तिथं गाव नको म्हणालं तर थांबू, पण निदान गावाला आत्ता आहे त्याहून धोक्यात टाकून थांबणार नाही."

तेवढ्यात पारखेनं दुपारची ताजी माहिती घेतली आणि भिंतीवरचा आकडा हलला. अठ्ठावन्न.

"हे काय झालं?"

"मी काल घर उघडलं," उर्वी म्हणाली. "आणि शाळेत दोघांनी दाखल्याचे अर्ज मागं घेतलेले दिसतायत."

सबनिसांनी चष्मा काढला. "म्हणजे भाऊ गेला की पडतो आणि बहीण आली की चढतो. मग हा आकडा बंधाऱ्याबद्दल काही सांगतो तरी का?"

"गावाला काय वाटतं ते सांगतो. आणि गावाला काय वाटतं ते आपल्याकडं बघून ठरतं, सर. आपण आकड्याकडं बघत बसतो आणि आकडा आपल्याकडं."

दारात कुणीतरी खाकरलं. जयेंद्र उभा होता. चपला हातात घेतलेल्या, शर्ट घामानं भिजलेला. सबनिसांनी रिकाम्या खुर्चीकडं हात केला आणि मग त्या खुर्चीत गावात राहणाऱ्यानंच बसायचं हा नियम आठवून विचारलं, "आपण सध्या खारमाचीत राहता ना?"

"नाय," जयेंद्र म्हणाला. "म्हनून बसत नाय. उभा राहून एक इचारतू, आन् जातू." तो बहिणीकडं वळला. "टिकंल का?"

सगळ्यांसमोर विचारलं होतं. बैठकीत नोंद होत होती. उर्वी उभी राहिली.

"मला माहीत नाही, दादा. मुख बुजल्याशिवाय ते कुणालाच कळणार नाही. कळायच्या आधी मी तिथं राहायला गेलेय, एवढंच सांगू शकते."

जयेंद्र मान हलवून निघून गेला. होकार होता की नकार, ते तिला कळलं नाही.

सबनिसांनी अठ्ठावन्नकडं पाहिलं. पुलावरचे पापड त्यांच्या डोळ्यांपुढं आले असावेत. "लहान टप्पा," शेवटी ते म्हणाले. "फक्त मुख आणि उघाडी. पुढच्या उंबरठ्यावर ही खुर्ची रिकामी दिसली तर मी काम बंद करीन, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी."

"करा," उर्वी म्हणाली. पाणी आत्ताच आलं होतं.

*

मुख बुजलं. इमरानच्या जिवाणूंनी वाळू धरली, पण नवा सांधा कोवळा होता आणि पौर्णिमेचं उधाण त्याची वाट बघणार नव्हतं. त्या दिवशी भर दुपारी भरती चढत चालली आणि गावात शंख वाजला. सांध्याखालून पाणी झिरपायला लागलं होतं.

उर्वीनं कंटेनरला कुलूप घातलं. आकडा आत चालूच राहिला. ती धावत घरी आली, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, पडवीतलं फावडं उचललं आणि अंगणात आली. अंगणात जयेंद्र उभा होता. मोटारसायकल आडवी टाकलेली, अंगात जुनी बंडी. त्यानं फावड्याला हात घातला.

"घरटी एक मानूस," तो म्हणाला. "मी जातू."

"तू उलव्याचा. घर मी उघडलाय, मी जानार."

"मी मोठा हाय."

"मंग मोठ्यानं गनपतीत अक्कल वापरायाची व्हती, धाकटीचा ऐकायाचा नव्हता!"

दोघंही फावडं सोडीनात. रस्त्यानं माणसं पळत चालली होती. बंद घरांपैकी दोन-तीन घरांतलीही होती. कोण कुठून आलं होतं देव जाणे. हिराकाकी पळता पळता ओरडल्या, "ए घरतांनो, भांडन मंग करा! पानी तुमची वाट बगंल काय?"

उर्वीनं फावडं सोडलं आणि आतून घमेलं आणलं. बहीणभाऊ बांधाच्या वाटेला लागले. समोर बंधारा पाण्याला छाती देऊन उभा होता, पलीकडचं पाणी अलीकडच्या शेतांहून पुरुषभर उंच चढलेलं. सांध्यापाशी इमरान गुडघाभर चिखलात उभा राहून हातवारे करत होता.

"दादा, ऱ्हाशील ना आता?" धापा टाकत तिनं विचारलं.

जयेंद्रनं पाण्याकडं पाहिलं.

"ही भरती उतरू दे," तो म्हणाला. "मंग इचार."

आणि त्यानं पहिलं फावडं चिखलात घातलं. उर्वीनं घमेलं पुढं केलं.